ट्रॅव्हल ट्रेलर ओढायच्या आधी स्लाइड-आउट नीट आत घेऊन पक्की कशी करायची

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, आणि स्लाइड-आउट किंवा नुसतं स्लाइड म्हणजे मुक्कामाला जागा वाढावी म्हणून त्याच्या भिंतीतून बटणाने बाहेर सरकणारा भाग. स्लाइड आत घेतली, बटण सोडलं, चला निघू, असंच बहुतेक जण करतात आणि बहुतेक वेळा काही होतही नाही, त्यामुळे तीच सवय अंगवळणी पडते. पण स्लाइड बंद दिसतेय म्हणजे ती धरून ठेवलेली आहेच असं नाही. ती अख्खी खोली आहे, तिच्यात सोफा असतो, कधी फ्रिज, कधी ओटा, वजन शेकडो किलोत जातं आणि वळणावर, खड्ड्यात, बाजूने मोठा ट्रक गेला की त्या वजनाला बाहेरच्या दिशेने ओढ बसत राहते. ही ओढ नक्की कशावर थांबतेय हे माहीत असल्याशिवाय ट्रेलर हलवू नये असं माझं ठाम मत आहे. बंद ट्रेलर साधारण आठ ते साडेआठ फूट रुंद असतो, म्हणजे लेनमध्ये दोन्ही बाजूंना फार जागा उरत नाही, अशात स्लाइड फूटभर जरी बाहेर आली तरी ती थेट शेजारच्या गाडीच्या वाटेत जाते.

आधी आपली स्लाइड कुठल्या प्रकारची आहे ते बघा

हे एकदाच करायचं काम आहे पण पुढचं सगळं यावर ठरतं. ट्रेलरखाली वाकून बघा. स्लाइडच्या खाली दोन दातेरी आडव्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारा एक लांब दांडा दिसला तर ती रॅक आणि पिनिअनवाली स्लाइड, तिला बहुतेक वेळा एकच मोटर असते आणि स्लाइड जागेवर धरून ठेवायचं काम त्या मोटरचा ब्रेक करतो. खाली काहीच दिसत नाही पण स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वर-खाली बारीक दातेरी पट्ट्या आहेत, तर ती भिंतीतली सिस्टिम, तिला दोन मोटर असतात, एका बाजूला एक, आणि कंट्रोलर दोघींना एका चालीत ठेवतो. कोपऱ्यांजवळ ताणलेल्या स्टीलच्या केबल दिसल्या तर केबल स्लाइड. आणि बटण दाबल्यावर कुठल्यातरी कप्प्यातून पंपाची घरघर येत असेल, जाड नळ्या असतील, तर हायड्रॉलिक, जी मोठ्या आणि जड ट्रेलरमध्ये जास्त असते.

आता धरून कोण ठेवतं ते बघा. रॅकवाल्यात मोटरचा ब्रेक, केबलवाल्यात मोटर आणि केबलचा ताण, हायड्रॉलिकमध्ये व्हॉल्व्हच्या मागे अडकलेलं तेलाचं प्रेशर, आणि भिंतीतल्या सिस्टिममध्ये कंट्रोलरला जोडलेल्या दोन्ही मोटर. म्हणजे चारही प्रकारांत स्लाइड धरणारी वस्तू डोळ्यांना सहज दिसत नाही, आणि म्हणूनच निघायच्या आधी तपासणी लागते. मॅन्युअल हरवलं असेल तर मोटरवर किंवा कंट्रोलरवर कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर असतो, त्यावरून ते शोधून फोनमध्ये ठेवा, रस्त्यात नेटवर्क असेलच असं नाही.

बटणाला हात लावायच्या आधी

सुरुवात छतापासून करा. स्लाइडचं छत ट्रेलरच्या आत जाणार आहे, म्हणजे त्यावर जे काही आहे ते पण तुमच्यासोबत आत येणार. सुकलेली पानं, काटक्या, झाडाच्या बिया, साचलेलं पाणी हे सगळं वरच्या रबरी सीलखाली अडकतं. एक छोटी काटकी सीलच्या पातीखाली आडवी अडकली की ती पात तिथेच दुमडते, तिथून पावसाचं पाणी आत झिरपायला लागतं आणि फ्लोअर फुगायला लागल्यावर कळतं की पाणी बरेच दिवस जात होतं. त्यामुळे शिडी लावून मऊ झाडूने छत झाडून घ्या, ओलं असेल तर पुसून घ्या. स्लाइडवर कापडी टॉपर, म्हणजे स्लाइडसोबत उलगडणारं आणि गुंडाळलं जाणारं छतावरचं कापड, असेल तरी वर जाऊन बघाच, कारण कापड आणि छत यांच्यामध्ये बाजूने कचरा शिरतो. टॉपरवर पाण्याचं डबकं साचलं असेल तर आधी झाडूच्या मागच्या टोकाने कापड हळूच खालून वर उचलून पाणी काढा, नाहीतर कापड गुंडाळताना ते सगळं वजन रोलरवर येतं. बर्फ असेल तर लोखंडी खरवडणी नको, प्लास्टिकची घ्या आणि घाई करू नका, बर्फासकट स्लाइड ओढली तर सील फाटतं.

मग खाली या आणि बाहेरून एक चक्कर मारा. स्लाइडखाली आधाराला जॅक किंवा टेकू लावले असतील तर काढा, हे राहून गेलं तर मोटर टेकूशी झुंजते आणि गिअर किंवा फ्रेम यातलं काहीतरी वाकतं. खालचे सामानाचे कप्पे बंद, ऑनिंग (ट्रेलरच्या बाजूची कापडी सावली) गुंडाळलेली, स्लाइडच्या खिडक्या बंद. स्वयंपाकाचा ओटा स्लाइडमध्ये असेल तर पाण्याच्या आणि गॅसच्या लवचिक नळ्या खालून जातात, त्या लोंबकळत नाहीत ना, कुठे अडकल्या नाहीत ना ते बघा. गॅसच्या नळीला चीर किंवा घासल्याची खूण दिसली तर तिथेच थांबायचं, सिलिंडर बंद करायचा आणि ती बदलल्याशिवाय स्लाइड हलवायची नाही.

आता आत. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते सगळं टाळता येण्यासारखं असतं. स्लाइडच्या वाटेत येणारी प्रत्येक गोष्ट उचला, चपला, कचऱ्याचा डबा, खुर्च्या, चार्जरच्या वायर. समोरच्या बाजूच्या कपाटांची दारं आणि ड्रॉवर नुसते बंद नकोत, लॅच लागलाय ना ते हाताने ओढून बघा, कारण अर्धा उघडा ड्रॉवर स्लाइडच्या कडेत अडकला की ड्रॉवरही जातो आणि स्लाइडची पट्टीही. रिक्लायनर पूर्ण सरळ करा. सोफ्याच्या मागे आणि स्लाइडच्या कडेला जी फट असते तिथे टॉर्च मारून बघा, मुलांची खेळणी तिथेच जाऊन बसतात. आणि फ्लोअर झाडा, हे फार जण करत नाहीत पण रोलरखाली एक बारीक खडा आला तर फ्लोअरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चरा पडतो आणि तो भरून निघत नाही.

बॅटरी आणि लेव्हल

स्लाइडच्या मोटर 12 व्होल्टवर चालतात पण करंट भरपूर ओढतात. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असली तर निवांत अवस्थेत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास आली म्हणजे अर्धी संपली समजा. अशा अर्ध्या बॅटरीवर स्लाइड हळू चालते, मध्येच थांबते, आणि दोन मोटरवाल्या सिस्टिममध्ये एक बाजू पुढे आणि एक मागे राहून स्लाइड तिरकी होते. म्हणून कॅम्पसाइटची वीज जोडलेली असतानाच स्लाइड आत घ्या, वायर नंतर काढा. वीज नसेल आणि जनरेटर असेल तर तो चालू करा.

बॅटरीचा अजून एक मुद्दा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ट्रेलरचे ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच याच बॅटरीवर चालतो. म्हणजे मरत आलेल्या बॅटरीवर कशीबशी स्लाइड आत ओढली आणि लगेच निघालात तर स्लाइड आत आहे पण आणीबाणीच्या ब्रेकला ताकद उरलेली नाही. गाडीच्या प्लगमधून बॅटरी चार्ज होते खरी पण ती वायर बारीक असते, चार्जिंग हळू होतं, त्या भरवशावर राहू नका.

लेव्हलचं म्हणाल तर, ट्रेलर वाकडा उभा असेल तर त्याची फ्रेम किंचित पिळलेली असते आणि स्लाइडच्या चौकटीचा चौकोन चौकोन राहत नाही, मग खोली एका कोपऱ्यात घासते. त्यामुळे चाकांना ओट (गडगडू नयेत म्हणून पाचर) लावलेली, ट्रेलर लेव्हलवर आणि स्टॅबिलायझर जॅक (ट्रेलर डुलू नये म्हणून खाली टेकवायचे) खाली असतानाच स्लाइड आत घ्यायची, जॅक वर करणं आणि हिच लावणं, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणं, हे त्यानंतर. बहुतेक मॅन्युअलमध्ये हाच क्रम असतो, तुमच्यात वेगळा लिहिला असेल तर तुमच्या मॅन्युअलचं ऐका.

आत घेताना

शक्यतो दोघं असा. एक जण बटणाशी, एक जण बाहेर, आणि बाहेरच्याने "थांब" म्हटलं की बटण लगेच सोडायचं, कारण विचारायचं नाही. मुलं आणि पाळीव प्राणी ट्रेलरच्या बाहेर आणि कुणाच्यातरी ताब्यात. बटणाशी उभं राहणाऱ्याने स्लाइड आणि समोरचं कपाट यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, स्लाइड माणूस आहे म्हणून थांबेल असं काही नसतं.

बटण दाबलं की स्लाइड एका दमात आत येऊ द्या. थोडं आत, थोडं बाहेर, परत आत असं करत राहिलं तर दोन मोटरवाल्या सिस्टिमची चाल बिघडते. आवाजाकडे लक्ष द्या, रोजचा आवाज कानाला माहीत असतो, त्यात कुरकुर, टकटक किंवा मध्येच भार आल्यासारखा आवाज आला तर थांबा आणि बघा. जोर लावून काम होईल असं समजून बटण दाबून धरू नका, मोटरला काय अडलंय ते कळत नाही, ती ढकलतच राहते.

शेवटाला बटण कधी सोडायचं यात प्रकाराप्रमाणे फरक आहे आणि गोंधळ इथेच होतो. भिंतीतल्या सिस्टिममध्ये दोन्ही मोटर आपोआप थांबेपर्यंत बटण दाबून ठेवायचं, एक बाजू आधी पोचते आणि दुसरी थोडी मागून, आणि आवाज आला म्हणून पहिल्या बाजूलाच बटण सोडलं तर दुसरा कोपरा अर्धा इंच उघडा राहतो. हायड्रॉलिकमध्ये स्लाइड टेकली की पंपाचा आवाज जड होतो, त्यानंतर दोन-तीन सेकंद दाबून ठेवा म्हणजे प्रेशर पूर्ण भरतं. रॅकवाल्यात मात्र स्लाइड टेकून मोटर अडली की बटण सोडून द्यायचं, तिथे उगाच दाबून धरलं तर मोटर तापते आणि सर्किट ब्रेकर पडतो.

दोन-तीन स्लाइड असतील आणि त्या समोरासमोर असतील तर आधी कुठली आत घ्यायची हे ट्रेलरच्या आतल्या मांडणीवर ठरतं. एकदा क्रम ठरला की तो कागदावर लिहून बटणांशेजारी चिकटवा, कारण ट्रेलर कधीतरी घरातलं दुसरं कुणी आवरणार आहे.

सील बघणं, यावर पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील

आता बाहेर या आणि स्लाइडचे चारही कोपरे बघा. स्लाइडच्या बाहेरच्या चौकटीची कडा ट्रेलरच्या भिंतीवर सगळीकडून सारखी टेकलेली पाहिजे आणि मधलं गोल पोकळ सील सगळीकडे सारखं दाबलेलं पाहिजे. वर दाबलंय आणि खाली गोलच्या गोल दिसतंय, म्हणजे स्लाइड खालून पूर्ण आत आलेली नाही. चार कोपऱ्यांत बोटाने फट चाचपून बघा, एका कोपऱ्यात बोटाचं टोक जातंय आणि दुसऱ्यात जात नाही असा फरक लगेच हाताला कळतो. मग पातीवालं सील बघा, ती पात सगळीकडे एकाच दिशेला वळलेली हवी, कुठे आत दुमडली असेल तर स्लाइड थोडी बाहेर काढून, पात हाताने सरळ करून परत आत घ्या. आतून दिवे बंद करून कडेने बघा, बाहेरचा उजेड रेघेसारखा दिसत असेल तर तिथे फट आहे.

एका बाजूला स्लाइड मागे राहिली असेल तर ढकलून बसवू नका. पूर्ण बाहेर काढा, दोन्ही मोटर थांबेपर्यंत बटण दाबून ठेवा, मग परत आत घ्या, दोन मोटरवाल्या सिस्टिमची चाल बहुतेक वेळा याने जुळते. दर वेळी तोच कोपरा मागे राहत असेल तर अडचण अॅडजस्टमेंटची आहे, दुरुस्तीवाल्याला दाखवा.

सील चिकटत असेल, आत-बाहेर करताना चर्र आवाज येत असेल, तर रबरासाठी असलेला कंडिशनर लावा, पेट्रोलियम बेसचा स्प्रे लावू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. दातेरी पट्ट्यांना ग्रीस थापायचं नाही, ग्रीसला धूळ चिकटते आणि ती दात घासत राहते, लागलंच तर सुकं ल्युब्रिकंट थोडंसं.

बार लावायचा का आणि कुठे

काही ट्रेलरसोबत ट्रॅव्हल लॉक येतात, म्हणजे आतल्या कडेला फिरवून आवळायचा हुक, किंवा लांबी कमी-जास्त करता येणारा ट्रान्झिट बार. कंपनीने दिले असतील तर ते दर वेळी लावायचेच, जवळ जायचंय म्हणून सोडायचे नाहीत. भिंतीतल्या सिस्टिमला साधारणपणे बाहेरून लॉक लागत नाही असं कंपन्या सांगतात, पण जुन्या रॅकवाल्या, जड स्लाइडला बार लावलेला बरा असं मला वाटतं, फक्त मॅन्युअलमध्ये मनाई नाही ना ते बघून.

बार लावण्यातली नेहमीची चूक म्हणजे बार स्लाइड आणि समोरचं कपाट यांच्या मध्ये लावणं. तसा लावला तर तो स्लाइडला अजून आत यायला अडवतो, आणि तिकडे ती जाणारच नाहीये. आपल्याला तिचं बाहेर जाणं अडवायचंय. स्लाइड आत आली की तिची आतली चौकट खोलीत पुढे आलेली असते, त्या चौकटीची मागची बाजू आणि स्लाइडच्या शेजारची ट्रेलरची बाहेरची भिंत, या दोघांमध्ये बार आडवा बसतो. मग स्लाइड बाहेर जायला लागली की बार भिंतीला टेकून तिला रोखतो. दोन्ही टोकांना एक-एक बार, आणि हाताने घट्ट होईल इतकाच, पान्याने नाही, जास्त आवळला तर चौकटीची लाकडी पट्टी फुगते किंवा भिंतीचं पॅनेल आत दबतं.

आणि बार लावला की त्याच क्षणी स्लाइडच्या बटणावर लाल रिबीन किंवा रंगीत टेप लावा. बार काढायचा विसरून बटण दाबलं तर भिंत, चौकट आणि मोटर तिघांचंही नुकसान होतं, आणि मुक्कामाला पोचल्यावर थकलेल्या माणसाकडून हे हमखास होतं.

मोटर चालत नसेल आणि हाताने आत घ्यावी लागली तर

आधी फ्यूज आणि ब्रेकर बघा, बॅटरीची टर्मिनल सैल नाहीत ना ते बघा, बऱ्याचदा एवढ्यातच निभावतं. नाहीच झालं तर हाताने आत घ्यायची सोय असते. रॅकवाल्यात मोटरचा ब्रेक एका खटक्याने सोडायचा आणि दांड्याच्या टोकाला सॉकेट लावून रॅचेटने फिरवायचं. भिंतीतल्या सिस्टिममध्ये कंट्रोलरवरून किंवा वायर काढून मोटर मोकळ्या करायच्या आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी एकाच वेळी, सारखं ढकलायचं, एकट्याने एका कोपऱ्यातून ढकलली तर ती अडकतेच. हायड्रॉलिकमध्ये व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे फिरवून पंप हाताने किंवा ड्रिलने चालवायचा असतो. हे सगळं एकदा निवांत वेळी, दिवसाउजेडी करून बघा आणि लागणारं सॉकेट ट्रेलरमध्येच ठेवा.

यातली सगळ्यात धोक्याची पायरी शेवटची आहे. स्लाइड आत आली की सुटल्यासारखं वाटतं आणि ब्रेकचा खटका परत लावायचा, मोटरच्या वायर परत जोडायच्या, व्हॉल्व्ह परत जागेवर फिरवायचा राहून जातो. मग स्लाइड आत असते पण तिला धरून काहीच नसतं, आणि पहिल्या मोठ्या वळणावर ती बाहेर यायला लागते. खटका लावल्यावर आतून स्लाइडला दोन्ही हातांनी बाहेरच्या दिशेने जोर लावून बघा, जराही हलली तर ब्रेक बसलेला नाही. ब्रेकच बिघडला असेल तर बारशिवाय हलू नका, आणि बार लावूनसुद्धा फक्त जवळच्या दुरुस्तीपर्यंत, हळू. ट्रेलरभोवती ताणपट्टे आवळून स्लाइड बांधायचा सल्ला काही जण देतात, मी तो देणार नाही, पट्ट्याचा सगळा दाब छताच्या कडेवर येतो आणि भिंती त्यासाठी बनवलेल्या नसतात.

निघाल्यावर

निघायच्या आधी आत, स्लाइडची चौकट आणि बाजूची भिंत यांच्यावर आडवा मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, वर एक, खाली एक, टेप सपाट आणि न ताणता. पंधरा-वीस किलोमीटरवर पहिली सुरक्षित जागा मिळाली की थांबा आणि टेप बघा. जशीच्या तशी असेल तर छान. ताणली असेल, एका बाजूने उचकटली असेल किंवा फाटली असेल तर स्लाइड सरकतेय, आणि कुठल्या टोकाची टेप गेली यावरून कुठली बाजू सरकतेय तेही कळतं. केबलवाल्यात केबल सैल झालेली असू शकते, हायड्रॉलिकमध्ये कुठेतरी तेल गळत असतं, रॅकवाल्यात ब्रेक किंवा गिअर झिजलेला असतो. परत आत घेऊन पुढे जाता येतं (ब्रेक बिघडला असेल तर मात्र वर सांगितल्याप्रमाणे बार लावून, फक्त जवळच्या दुरुस्तीपर्यंत) पण मग प्रत्येक थांब्याला तपासा आणि त्या प्रवासानंतर दुरुस्ती केल्याशिवाय परत ओढू नका.

चालवताना आरशात स्लाइडची कडा दिसेल असा आरसा लावा. बंद असताना ती कडा कुठे दिसते ते निघतानाच बघून ठेवलं तर बदल झालेला पटकन लक्षात येतो. प्रत्येक थांब्यावर टायर आणि हिच बघता, त्याच फेरीत स्लाइडचे चार कोपरेही बघा.

मुक्कामाला पोचल्यावर आधी ट्रेलर लेव्हल करा, मग बार काढा, टेप काढा, बाहेर स्लाइड जाईल तिथे झाड, खांब, दुसऱ्याची खुर्ची नाही ना ते चालत जाऊन बघा, आणि मग बटणावरची लाल रिबीन काढून बटण दाबा. काढलेले बार दर वेळी एकाच कप्प्यात ठेवा, म्हणजे निघताना तो कप्पा उघडला की बार आपोआप हाताशी येतील.